जुना कॅटरपिलर १४०जी ग्रेडर: ओळख, तपासणी आणि मोल

जुना ग्रेडर (पोटाखालच्या लांब ब्लेडने रस्ता सपाट करणारे यंत्र) बघायला गेलेले गिऱ्हाईक बहुतेक वेळा आधी इंजिन चालू करायला लावते, धूर बघते, टायरला लाथ मारते आणि भावावर येते. ट्रक घेताना एवढ्यावर भागेल. ग्रेडरमध्ये खरा पैसा ब्लेडच्या टोकाशी असतो. त्या टोकाला तीन बोटे प्ले, म्हणजे सांध्यांतली ढिलाई, असेल तर इंजिन कालच बांधून आणलेले असले तरी रस्त्यावर लाटा उठणार. म्हणून हा आढावा इंजिनाला दुय्यम मान देतो आणि सर्कल (ब्लेड फिरवणारे कडे), ड्रॉबार (त्याला ओढणारी चौकट), ब्लेड, टॅन्डम (मागच्या चाकांच्या जोड्या) यांच्यावर जास्त वेळ घालवतो.

निवाडा आधीच सांगून टाकतो. जुन्या ग्रेडरमध्ये १४०जी ही अजूनही सर्वात शहाणपणाची खरेदी आहे, पण पुढचा अर्धा भाग धड असेल तरच. जी मालिका १९७३ मध्ये आली आणि १९९५ मध्ये एच मालिकेने तिची जागा घेतली. म्हणजे हाती लागणारा सर्वात नवा १४०जीसुद्धा तीस वर्षांच्या घरातला. सहा सिलिंडरचे ३३०६ इंजिन, १५० अश्वशक्ती, पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स (सहा पुढचे, सहा मागचे), १२ फुटी म्हणजे ३.६६ मीटरचे ब्लेड आणि सुमारे साडेतेरा टन वजन. मधल्या सांध्यातून चेसिस डावी-उजवीकडे २० अंश वळते. सगळी कामे साध्या लिव्हरवर, कुठेही कॉम्प्युटर नाही. बिघाड डोळ्यांना दिसतो, कानांना ऐकू येतो, लॅपटॉप जोडावा लागत नाही. याच कारणासाठी अनेक मेकॅनिक २००७ पासून आलेल्या जॉयस्टिकवाल्या एम मालिकेपेक्षा जुन्या जीला हात घालायला राजी असतात.

आधी ओळख पटवा. समोर उभे आहे ते खरोखर १४०जी आहे का, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जी मालिकेतली भावंडे रंग दिल्यावर लांबून सारखीच दिसतात आणि बाजूचा स्टिकर कोणीही छापून लावतो. १२०जी आणि १३०जीमध्ये चार सिलिंडरचे ३३०४ इंजिन असते, १२५ आणि १३५ अश्वशक्तीचे. १२जीमध्ये ३३०६ असते, पण १३५ अश्वशक्तीवर बसवलेले. १४जीमध्येही ३३०६, तिथे १८० अश्वशक्ती आणि १४ फुटी ब्लेड. १६जी तर आकारावरूनच वेगळा कळतो.

सर्वात झटपट खूण म्हणजे डिझेल पंपातून निघून सिलिंडरकडे जाणाऱ्या बारीक पोलादी नळ्या. बॉनेटचे दार उघडा आणि त्या मोजा. सहा भरल्या तर ३३०६, चार भरल्या तर ३३०४. चार नळ्यांचे यंत्र १४०जी म्हणून दाखवले जात असेल तर एकतर ते १३०जी किंवा १२०जी आहे, नाहीतर इंजिन बदलले आहे. दोन्ही परिस्थितीत भाव १४०जीचा राहत नाही.

नंतर सिरीयल नंबर. या काळातल्या कॅटरपिलरच्या नंबरात पहिली तीन अक्षरे म्हणजे मॉडेलची कुंडली आणि पुढचे आकडे म्हणजे बनण्याचा क्रम. १४०जीचा ठरलेला आरंभ ७२व्ही. १२जीचा ६१एम, १२०जीचा ८७व्ही, १३०जीचा ७४व्ही, १४जीचा ९६यू, १६जीचा ९३यू. पुढच्या आकड्यांवरून वर्ष काढायच्या याद्या डीलरकडे असतात. इतर कारखान्यांत बनलेल्या १४०जींना वेगळी सुरुवात आहे, त्यामुळे ७२व्ही दिसले नाही म्हणून लगेच संशय घेऊ नका, नंबर लिहून घ्या आणि पडताळा. उलट १४०जीवर १७ अक्षरी लांब नंबर दाखवला तर कान टवकारा. ती पद्धत नंतरच्या यंत्रांची आहे आणि तिथे जुनी तीन अक्षरे शेवटच्या आठ खुणांच्या सुरुवातीला येतात.

पाटीचे रिव्हेट बघा. कारखान्याचे रिव्हेट आणि पाटी यांवर रंगाचे थर सारखेच चढलेले असतात. नवे चकचकीत रिव्हेट आणि मळलेली पाटी ही जोडी जुळत नाही. पाटीखेरीज चेसिसच्या पोलादावर ठोकलेला नंबर शोधा, रंग खरवडून वाचा, आणि त्या जागी ग्राइंडर फिरल्याची चमक किंवा खळगा आहे का ते बोटाने चाचपा. इंजिनाचा नंबर वेगळा असतो. तो कागदाशी जुळला नाही तरी व्यवहार मोडायचे कारण नाही, बदली इंजिनाचे बिल मात्र मागा. चेसिसचा नंबर आणि कागद जुळत नसतील तर तिथूनच परत फिरा.

तासांच्या मीटरवर फार भिस्त ठेवू नका. एका पाळीत रोज चालणारे यंत्र वर्षाला साधारण २,००० तास करते. चाळीस वर्षांच्या ग्रेडरवर ६,००० तास दिसत असतील तर हिशेबाने ते वर्षाला १५० तासच चालले. असे यंत्र असू शकते, पण मग पेडलचे रबर, लिव्हरच्या मुठी, पायाखालचा पत्रा आणि दाराची कडी तशीच साक्ष देतील. पेडलची खरड पोलादापर्यंत गेली असेल आणि मीटर ६,००० सांगत असेल तर मीटर बदलला आहे.

आता पुढचा भाग. ब्लेड ज्या दातेरी मोठ्या कड्याला टांगलेले असते ते सर्कल. सर्कलला ड्रॉबारशी शू धरून ठेवतात आणि एक पिनियन (छोटे दातेरी चाक) त्याला फिरवते. ड्रॉबारचे पुढचे टोक चेसिसच्या नाकाशी एका गोळ्यावर बसते. दोन लिफ्ट सिलिंडर आणि बाजूला सरकवणारा एक सेंटरशिफ्ट सिलिंडर हे सगळे वरून तोलून धरतात. इतके सांधे एका ओळीत, आणि प्रत्येकातली थोडी-थोडी ढिलाई शेवटी ब्लेडच्या टोकावर जमा होते. हिशेब करून बघा: सर्कलचा व्यास साधारण दीड मीटर, म्हणजे दाते केंद्रापासून पाऊण मीटरवर. ब्लेडचे टोक १.८३ मीटरवर. दात्यांवरची ३ मिलिमीटर ढिलाई टोकाला ७ मिलिमीटरच्या वर जाते, तीही एकट्या पिनियनची.

मोजायची रीत सोपी आहे. यंत्र सपाट जागेवर, चाकांना अडसर लावलेला. ब्लेड काटकोनात आणा, वीतभर उचला, इंजिन बंद करा. एका टोकाशी जमिनीवर लाकडी ठोकळा ठेवा आणि टोकाच्या बरोबर खाली खडूची रेघ मारा. एकाने पहारीने टोक पुढे रेटायचे, दुसऱ्याने रेघ मारायची, मग मागे रेटून तिसरी रेघ. दोन टोकाच्या रेघांतले अंतर म्हणजे आडवा प्ले. नंतर पहार टोकाखाली घालून, खाली ठोकळ्याचा टेकू देऊन वर उचला आणि सोडा, हा उभा प्ले. पाय ब्लेडखाली न्यायचा नाही, सिलिंडर धरून असला तरी. दोन्ही टोकांना हेच करा.

आडवा प्ले २५ मिलिमीटरच्या आत असेल तर एवढ्या वयाच्या यंत्राला चांगले म्हणायचे. ५० पर्यंत असेल तर शू आणि शिमचे (सांध्यात घालायच्या पातळ चकत्यांचे) काम आहे असे धरून भाव पाडा. ७५ च्या पुढे गेला की शिमने भागत नाही, दाते आणि पिनियन गेलेले असतात. उभा प्ले २० मिलिमीटरच्या वर असेल तर बारीक लेव्हलिंग विसरा. हे आकडे कारखान्याच्या पुस्तकातले नाहीत, खरेदीच्या वेळी भाव ठरवायला वापरायचे आहेत.

प्ले किती, यापेक्षा तो कुठून येतो हे जास्त महत्त्वाचे. एक जण टोक हलवत असताना दुसऱ्याने एकेका सांध्याच्या कडेवर अंगठा आडवा ठेवायचा, अर्धा एका भागावर, अर्धा दुसऱ्यावर, फटीच्या आत मात्र नाही. दोन पोलादी भाग एकमेकांवरून सरकले की अंगठ्याला लगेच कळते. ड्रॉबारचा गोळा आणि लिफ्ट सिलिंडरच्या खालचे गोळे ढिले असतील तर त्यांच्या टोपणाखालची शिम काढून तासाभरात आवळता येतात. गोळा स्वतः एका बाजूने चपटा झाला असेल तर मात्र आवळून उपयोग नाही, एका कोनात घट्ट आणि दुसऱ्यात ढिला राहतो. ब्लेड ज्या रुळांवर आडवे सरकते त्यांच्या पट्ट्या बदलता येतात, पण रूळच खाली झिजून धारदार झाले असतील तर वेल्डिंग आणि मशीनिंग दोन्ही आले.

सर्कलच्या दात्यांकडे टॉर्च घेऊन वाका. ग्रेडर आयुष्यभर ब्लेड एकाच तिरकस कोनात, एकाच बाजूला माल सोडत चालतो, त्यामुळे झीज सर्कलभर सारखी होत नाही. एका पट्ट्यातले दाते शार्कच्या दातांसारखे पातळ आणि एकीकडे झुकलेले, तर मागच्या बाजूचे जवळजवळ नवे. विकणारा कधीकधी शू आवळून ठेवतो आणि झिजलेल्या पट्ट्यात प्ले दिसत नाही. म्हणून ब्लेड उचलून सर्कल पूर्ण फिरवायला लावा, जिथपर्यंत फिरते तिथपर्यंत. न झिजलेल्या पट्ट्यात आल्यावर ते अडकले, मोटर कण्हली किंवा कडकड आवाज आला, तर शू झिजलेल्या भागासाठी आवळलेले आहेत. अशा सर्कलला कुठल्याही एका सेटिंगवर पूर्ण घट्ट करता येत नाही, म्हणजे एकतर दाते भरायचे नाहीतर सर्कल बदलायचे. हाच या यंत्राचा सर्वात महाग दोष, आणि बहुतेक गिऱ्हाइके सर्कल फिरवूनच बघत नाहीत.

पिनियन एका वर्म गिअरच्या पेटीतून फिरते. पेटीतले ऑइल थोडे काढून पांढऱ्या कागदावर पसरा. सोनेरी चमक दिसली तर आतले कांस्याचे चाक खरवडले जात आहे.

ब्लेडचे स्वतःचे वाकणे बघायला दोरी पुरे. वरच्या कडेच्या दोन टोकांना दोरी ताणून बांधा आणि मधली फट मोजा, मग खालच्या कडेला तसेच. दोन्ही फटी सारख्या असतील तर ब्लेड मागे वाकले आहे, वेगळ्या असतील तर पिळले आहे. वाकलेल्याशी जुळवून घेता येते. पिळलेले ब्लेड मात्र एका टोकाला जास्त खाते आणि ऑपरेटर दिवसभर लिव्हरशी झुंजत राहतो.

कटिंग एजवरून मालकाचा स्वभाव कळतो. बारा फुटी ब्लेडला सहा-सहा फुटांच्या दोन पट्ट्या बोल्टने लावलेल्या असतात, एक कड झिजली की उलटवून दुसरी वापरायची. पट्टी स्वतः किरकोळ खर्च. पण ती वेळेत उलटवली नाही तर झीज वर चढते, बोल्टची डोकी घासून निघतात आणि शेवटी ब्लेडच्या मूळ पत्र्याचीच खालची कड खाल्ली जाते. नवी पट्टी लावलेली दिसली तर तिच्या मागे वाकून बघा: मूळ कड सरळ आहे की नागमोडी? नागमोडी असेल तर या मालकाने किरकोळ पट्टीपायी ब्लेड घालवले, आणि ऑइल बदलायलाही त्याने हात आखडताच घेतला असणार असे खुशाल धरा.

पुढचा अ‍ॅक्सल तपासायला जॅक लागत नाही. ब्लेड सरळ खाली दाबा, पुढची चाके स्वतःच जमिनीवरून उचलली जातात. अ‍ॅक्सलखाली भक्कम ठोकळे लावा, मग इंजिन बंद करून चाकाखाली पहार घाला आणि हलवा. किंगपिन, चाकाचे बेअरिंग, चाके कलवणाऱ्या दांड्याच्या पिना आणि बुश सगळे एकाच वेळी बोलतात. दोन्ही चाके दोन्ही बाजूंना पूर्ण कलवून बघा. एक चाक उशिरा कलत असेल तर मधल्या दांड्याच्या पिना गेल्या. या पिना स्वस्त आहेत, पण भोके अंडाकृती झाली असतील तर बोअरिंगचे काम निघते. मधल्या वळणाच्या सांध्यालाही हीच कसोटी: चेसिस डावी-उजवीकडे वळवताना वरच्या आणि खालच्या पिनांशी नजर ठेवा. वळायला सुरुवात होण्याआधी एखादा भाग उभा हलला तर बेअरिंग बदलायचे आहे, आणि त्यासाठी यंत्र दोन तुकड्यांत उघडावे लागते.

मागे टॅन्डम. दोन्ही बाजूंच्या लांबट पेट्यांत चेन असतात, त्या मधल्या शाफ्टची ताकद पुढच्या-मागच्या चाकाला देतात. पहिल्या गिअरमध्ये हळू पुढे, थांबा, हळू मागे. दिशा बदलताना एकदा 'खट' असा बारीक आवाज चालेल. खट, मग क्षणभर रिकामे, मग दणका, असे असेल तर चेन ताणल्या आहेत. पेटीवरचे तपासणीचे झाकण उघडायला लावा आणि चेन वर उचलून बघा, दाते टोकदार झाले आहेत का तेही बघा. ताणलेली चेन झिजलेल्या स्प्रॉकेटवर बदलली तर नवीही लवकर जाते, जोडीनेच बदलावी लागतात. ऑइलच्या तळाला पाणी असेल तर यंत्र नदी-नाल्यात किंवा सील फाटलेल्या अवस्थेत उभे होते.

इथेच टायरचा एक मुद्दा, जो टायरबद्दल नाही. एकाच टॅन्डमच्या दोन टायरचा घेर वेगळा असेल तर चेन आणि शाफ्टमध्ये सतत ताण राहतो. टेपने घेर मोजा. १४०जीला १४.००-२४ मापाचे टायर लागतात, सहा. नवा-जुना असा जोड लावलेला असेल तर टायरच्या किमतीबरोबर टॅन्डमच्या झिजेचाही विचार करा. टायरच्या बाजूवर कारखान्याच्या कोडचे शेवटचे चार आकडे दिसले तर पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर तो टायर २००० च्या आधीचा आहे, खाचा कितीही खोल दिसोत.

गिअरबॉक्सची चाचणी गरम ऑइलवर. या यंत्रात टॉर्क कन्व्हर्टर नाही, ताकद थेट क्लच प्लेटांतून जाते, त्यामुळे घसरण लपवता येत नाही. समोर मोकळी जागा ठेवा, ब्रेक पूर्ण दाबा, वरचा गिअर टाका आणि इंचिंग पेडल (क्लचसारखे ताकद तोडणारे) हळू सोडा. इंजिनाचा आवाज लगेच खाली बसला पाहिजे, बंद पडण्याआधी पेडल पुन्हा दाबा. इंजिन मजेत फिरतच राहिले तर त्या गिअरच्या प्लेटा घसरत आहेत. वेगवेगळ्या गिअरमध्ये प्लेटांची जोडी वेगळी असते, म्हणून दोन-तीन गिअरमध्ये आणि उलट दिशेतही हे करा. नंतर फिल्टर उघडून बघता आला तर उत्तम: काळी पेस्ट चालेल, चमचमते तुकडे चालणार नाहीत. ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद करून प्रेशर गेजवर नजर ठेवा, काटा भराभर खाली येत असेल तर गळती शोधायची आहे.

इंजिनाला आता येऊ. पोहोचल्याबरोबर ब्लॉकला हात लावा, गरम असेल तर उद्या सकाळी पुन्हा या. थंड इंजिनाला थोडा पांढरा धूर येतो आणि विरतो. गरम झाल्यावरही निळा धूर राहिला तर ऑइल जळते आहे. ऑइल भरायचे टोपण काढून भोकावर उलटे ठेवा: थरथरले तर चालेल, उडून पडले तर रिंग आणि लायनर गेले. ३३०६ मध्ये ओले लायनर आहेत, म्हणजे बाहेरून पाणी फिरते आणि ते बदलता येतात. यामुळे इंजिन जागेवरच बांधता येते, हा मोठा गुण. दोष त्याच गुणातून येतो: कूलंटऐवजी वर्षानुवर्षे साधे पाणी घातले की लायनरच्या बाहेरच्या बाजूला बारीक खड्डे पडतात, शेवटी आरपार भोक होते आणि पाणी चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरते. रात्रभर उभ्या यंत्राच्या चेंबरचा बोल्ट सकाळी अगदी हळू सैल करा. आधी पाण्याचे थेंब आले तर लायनर, हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर यांपैकी काहीतरी फुटले आहे.

हायड्रॉलिकसाठी खडू पुन्हा हातात घ्या. ऑइल गरम असताना ब्लेड उचला, दोन्ही लिफ्ट सिलिंडरच्या दांड्यांवर खडूची खूण करा, इंजिन बंद करा, दहा मिनिटांनी बघा. एका बाजूची खूण सरकली तर त्या बाजूचे सील किंवा लॉक व्हॉल्व्ह. दांड्यांच्या क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर नवे सीलही फार टिकत नाही.

चेसिसला तडे शोधताना रॉकेल आणि खडू यांना तोड नाही. संशयाची जागा तारेच्या ब्रशने घासा, रॉकेल लावा, पाच मिनिटांनी कोरडे पुसा आणि खडू घासा. तडा असेल तर आत शिरलेले रॉकेल खडूवर काळसर रेघ काढते. ड्रॉबारच्या गोळ्याची बैठक, लिफ्ट सिलिंडरचे खोगीर, मधला सांधा आणि मागे रिपर (जमीन उकरणारे दात) असेल तर त्याची बैठक, एवढ्या चार जागा पुरे. ताजा रंग फक्त एखाद्याच जागी जाड असेल तर आधी तिथेच घासा.

मोल लावताना सांगितलेल्या भावापासून सुरुवात करू नका. तुमच्या बाजारात धड अवस्थेतला १४०जी प्रत्यक्ष कितीला सुटला तो आकडा मिळवा, लिलावाचे निकाल यासाठी बरे. तो आकडा १०० धरा. समजा सहापैकी चार टायर बदलायचे आहेत, त्याला १०. सर्कल, शू, पिनियन मिळून १५. टॅन्डमच्या एका बाजूच्या चेन आणि स्प्रॉकेट, ५. एकूण ३०. या ३० वर चौथा हिस्सा वाढवा, कारण जुने यंत्र उघडल्यावर नेहमी काहीतरी जास्त निघते: साडेसदतीस. यंत्र बंद राहील तेवढ्या दिवसांचे नुकसान आणि आणण्याचे भाडे मिळून समजा ८. तुमची वरची मर्यादा साडेचोपन्न. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या मेकॅनिकचे दर घालून तेच गणित करा. खालची मर्यादा भंगाराची: साडेतेरा टन पोलाद गुणिले भंगाराचा दर, वजा कापणी आणि वाहतूक. दोन मर्यादांत फार अंतर उरले नसेल तर ते यंत्र सुट्या भागांसाठी घ्या, चालवण्यासाठी नाही.

भाव वाढवणाऱ्या गोष्टी थोड्याच: मागचा रिपर, छताची संरक्षक चौकट असलेली केबिन, आणि ऑइल तपासणीचे जुने अहवाल. नवा रंग यात धरू नका.

याच पैशांत कॅटरपिलरचे आणखी जुने नंबर १२ सुद्धा मिळतात, १९३८ पासून बनत आलेले, ८टी, ९९ई, १३के अशा नंबरांचे. दणकट आहेत, पण ब्लेडची सगळी हालचाल यांत्रिक दांड्यांवर, मनगटाला झटके देणारी. ज्यांत डिझेल चालू करायला वेगळे छोटे पेट्रोल इंजिन आहे त्यांचे मॅग्नेटो आणि पिनियन सांभाळायला कोणी राहिलेले नाही. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. सांध्यातून वळणारी चेसिस आधी आणली जॉन डिअरच्या जेडी५७० ने, १९६७ मध्ये. ते हलके यंत्र आहे, आतल्या रस्त्यांना आणि आवाराला बरे, १४०जीच्या कामाला नाही. चॅम्पियनचे ग्रेडर मजबूत, ती कंपनी १९९७ मध्ये व्हॉल्वोकडे गेली. घेण्याआधी भाग कुठे मिळतात ते विचारून ठेवा.

सौदा ठरल्यावर ट्रेलरवर चढवायच्या आधी मधल्या सांध्याची कुलूप-पिन घाला, नाहीतर वाटेत यंत्र मध्यातून हलते. ब्लेड काटकोनात ३.६६ मीटर रुंद असते. ते ५० अंशांच्या आसपास फिरवले की दोन्ही टोके चाकांच्या रुंदीत येतात. मग ते लाकडावर टेकवा आणि साखळ्या चेसिसला बांधा, ड्रॉबारला नाही. सायलेन्सर आणि एअर क्लीनरची टोपी ट्रेलरवर चढल्यावर किती उंच जाते ते मोजा, वाटेतल्या पुलांखालून जायचे आहे.